बाबाच्या फोनला वारस: गूगल आणि ॲपलच्या दोन सोयींची पारख

पस्तिशीतला बाबा कॅन्सरने गेला की भिंतीवर त्याची एक तसबीर लागते. बाकीचा सगळा बाबा फोनमध्ये असतो: बाळाच्या पहिल्या पावलाचा व्हिडिओ, शाळेच्या वहीचे फोटो, परळला किमोसाठी दाखल असताना रात्री लेकीला व्हॉइस नोटमधून सांगितलेली गोष्ट. मूल तीन-चार वर्षांचं असेल तर मोठेपणी त्याला वडिलांचा आवाज कळणार तो यातूनच. हा ऐवज घरच्यांना मिळावा म्हणून गूगलने २०१३ मध्ये आणि ॲपलने २०२१ च्या डिसेंबरात (आयफोनच्या आयओएस १५.२ या प्रणालीपासून) सोय केली. दोन्ही फुकट आहेत आणि कामाच्याही, पण दोन्हींत मेख आहे.

गूगलची सोय म्हणजे ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’. खात्याच्या ‘डेटा अँड प्रायव्हसी’ पानावर अगदी खाली ‘डिजिटल लेगसी’ची ओळ सापडते. खातं किती काळ निपचित पडलं की वारसाला कळवायचं ते आपण ठरवायचं. ३ ते १८ महिन्यांपर्यंत मुदत ठेवता येते. जास्तीत जास्त १० माणसं नेमता येतात आणि कोणाला फक्त फोटो, कोणाला मेलसुद्धा, हे वेगवेगळं ठरवता येतं. मुदत संपली की वारसाला मेल जातो, त्याच्या मोबाइलवर कोड येतो आणि पुढचे ३ महिने डेटा उतरवून घेता येतो. मृत्यूचा दाखला लागत नाही, हा मोठाच दिलासा.

आता मेख. गूगलला मृत्यू कळत नाही, फक्त शांतता कळते. बाबाचा अँड्रॉइड फोन मुलांना कार्टून बघायला दिला आणि त्यात त्याचं खातं तसंच चालू राहिलं, तर गूगलच्या लेखी तो अजून वावरतो आहे. मुदत कधीच संपत नाही, मेल कधीच येत नाही. उलट फोन कपाटात गेला आणि वारस नेमलेलाच नसला, तर २ वर्षं न वापरलेलं खातं फोटोंसकट पुसण्याचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तेव्हा मुदत ३ महिन्यांचीच ठेवावी. वारस म्हणून पत्नीचा नंबर देताना तो पुढेही टिकणारा द्यावा. नंबर बदलला तर कोड जुन्याच नंबरवर जाईल.

ॲपलचं उलटं आहे. सेटिंग्ज, त्यात आपलं नाव, मग ‘साइन-इन अँड सिक्युरिटी’ आणि ‘लेगसी कॉन्टॅक्ट’. माणसं ५ पर्यंत. त्यांच्याकडे आयफोन नसला तरी चालतं. नेमणूक केली की एक ‘ॲक्सेस की’, म्हणजे गुप्त कोड, तयार होते. ती छापून रेशन कार्डाच्या फाइलीत ठेवावी, कारण पुढे ही की आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही लागतात. पहिला अर्ज मंजूर झाल्यापासून ३ वर्षं डेटा मिळतो, नंतर खातं कायमचं जातं. फोटो, नोट्स, बॅकअप मिळतात. साठवलेले पासवर्ड आणि विकत घेतलेली गाणी-सिनेमे मिळत नाहीत.

कागदावर ही सोय गूगलपेक्षा नेटकी वाटते, पण आपल्याकडे ती बऱ्याचदा पोकळ ठरते. आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणुकीत, फुकट जागा ५ जीबी. ती भरली की लोक सूचना बाजूला सारतात, फोटो वर चढायचे थांबतात आणि सगळं फोनमध्येच राहतं. वारसाला मिळतं ते आयक्लाउडवर चढलेलं, म्हणजे वर्षानुवर्षांपूर्वीचं. फोनचा पासकोड ॲपल देत नाही. तो माहीत नसेल तर फोन पुसूनच उघडतो. म्हणून उपचार चालू असतानाच आयक्लाउडची जागा वाढवून घ्यावी. महिन्याला फार खर्च नाही.

पासकोड घरच्यांना ठाऊक असण्याचं दुसरंही कारण आहे, ते सहसा कोणी सांगत नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबिन गोळ्यांनी तळहात सोलवटतात आणि काही रुग्णांचे बोटांचे ठसे पुसट होतात. बोटाने उघडणारा फोन बोटाने उघडेनासा होतो. आकडी पासकोड पत्नीला ठाऊक हवाच. आजारी माणसाकडे हा विषय काढणं जड जातं, पण किमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या बऱ्या दिवशी ‘फोटो कुठे कुठे ठेवलेत ते दाखव’ म्हटलं की गाडी आपोआप तिथे येते.

दोन्ही सोयींच्या हाती न लागणारी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲप, आणि नेमका आवाज तिथेच असतो. व्हॉट्सॲपला वारस नेमता येत नाही. १२० दिवस न वापरलेलं खातं काढलं जातं. शिवाय तेराव्यानंतर आवराआवर करताना कोणीतरी सिम बंद करून टाकतं, मग कोणताच ओटीपी येत नाही. सिम निदान वर्षभर रिचार्ज करत राहावं. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, म्हणून अधूनमधून त्यावरून एखादा फोनही लावावा.

आवाज वाचवायचा हमखास मार्ग जुनाच: केबल लावून फाइली उचलणं. अँड्रॉइडमध्ये व्हॉट्सॲपच्या ‘मीडिया’ फोल्डरात ‘व्हॉइस नोट्स’ असतं, त्यात आठवड्यागणिक वेगळं फोल्डर. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख असते, म्हणून नावं बदलू नयेत. फाइल ‘ओपस’ प्रकारची असते, व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये वाजते. आईच्या फोनमध्येही हेच करावं, कारण बाबाने पाठवलेल्या नोट्स तिथेही उतरलेल्या असतात. कॉपी दोन ठिकाणी ठेवावी. पेनड्राइव्ह एकटा पुरेसा नाही.

फोन जपून ठेवायचा असेल तर बॅटरी निम्मी भरून बंद करावा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्मी भरावी. रिकामी पडून राहिलेली बॅटरी नंतर चार्जच घेत नाही.