परदेशी भरपाईचे आमिष आणि हातातून गेलेली मुदत

खोकताना-शिंकताना लघवी होणे किंवा अंग बाहेर येणे यांवर जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया ज्यांची झाली आहे आणि त्यानंतर ज्यांना त्रास सुरू झाला आहे, अशा स्त्रियांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी मी हे लिहीत आहे. माझ्या नणंदेला 'जाळी बनवणाऱ्या परदेशी कंपनीकडून भरपाई मिळवून देतो' असे सांगून एका मध्यस्थाने सुमारे दोन वर्षे झुलवत ठेवले. त्याने नेलेले पैसे थोडे नव्हते, परंतु त्याहून मोठे नुकसान झाले ते दाव्याच्या मुदतीचे आणि मूळ कागदपत्रांचे. वन्संच्या परवानगीने लिहीत असले तरी प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे कोणाचेही नाव येथे दिलेले नाही.

वन्संची शस्त्रक्रिया 2021 मध्ये पुण्यातील एका खासगी रुग्णालयात झाली. मूत्रमार्गाला खालून आधार मिळावा म्हणून पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या जाळीची अरुंद पट्टी बसवली जाते, ती ही शस्त्रक्रिया. अनेकींना तिचा चांगला गुण येतो, हे आधीच सांगितले पाहिजे. वन्संना मात्र काही महिन्यांतच ओटीपोटात आणि जांघेत कळा येऊ लागल्या, लघवी अडकू लागली, वरचेवर जंतुसंसर्ग होऊ लागला आणि 2022 च्या अखेरीस दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की पट्टीचा काही भाग योनिमार्गाच्या आतील आवरणातून उघडा पडला आहे. हे दुखणे असे आहे की त्याविषयी सख्ख्या भावाशीही मोकळेपणाने बोलता येत नाही. मध्यस्थाला याची पूर्ण जाणीव असावी, कारण पहिला फोन त्याने स्वतः केला नाही. एका बाईंकडून करवला. त्या वन्संना 'मावशी' म्हणत, तासतासभर ऐकून घेत आणि 'घरात कोणाला सांगत बसू नका, तुमचं काम आम्ही परस्पर करून देऊ' असे सांगत. शस्त्रक्रियेची माहिती त्यांच्याकडे कुठून गेली याचा उलगडा झालेला नाही. अनोळखी माणसाला आपल्या शस्त्रक्रियेचा महिना ठाऊक असणे एवढे कारणसुद्धा सावध होण्यास पुरेसे मानावे, असे माझे मत आहे.

त्याच्या बोलण्यात खऱ्याचा भाग बराच होता, आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसला. अमेरिकेत अशा जाळ्यांवरून एक लाखाहून अधिक दावे दाखल झाले, त्यांतील बहुसंख्य वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटन येथील संघीय न्यायालयात एकत्र आणले गेले आणि कंपन्यांनी मोठ्या रकमा देऊन अनेक दावे मिटवले, हे खरे आहे. ऑस्ट्रेलियातील स्त्रियांच्या सामूहिक दाव्यांत 2022 मध्ये तीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली, हेही खरे आहे. त्याने दाखवलेल्या कात्रणांत अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचा 16 एप्रिल 2019 चा आदेश होता आणि 'अमेरिकेत बंदी घातलेली जाळी तुमच्या अंगात बसवली' असे तो ठासून सांगे. प्रत्यक्षात तो आदेश अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून बसवायच्या जाळीपुरता होता. लघवीच्या तक्रारीसाठी बसवायच्या पट्टीला तो लागू नव्हता, आणि वन्संना पट्टीच बसवलेली होती. शिवाय तिकडच्या तडजोडी तिकडे दावा लावलेल्या स्त्रियांसाठी होत्या. पुण्यात शस्त्रक्रिया झालेल्या बाईने फॉर्म भरला की त्यातला वाटा मिळेल, असा कोणताही खुला निधी तेथे ठेवलेला नाही.

सिंहगड रस्त्यावरील एका इमारतीत त्याची केबिन होती. पाटीवर 'मेडिको-लीगल क्लेम' असे शब्द होते, भिंतीवर न्यायदेवतेचे चित्र होते आणि वकील म्हणून कोणी कधी समोर आले नाही. आधी नोंदणीचे पंधरा हजार घेतले. मग कागदपत्रांच्या इंग्रजी प्रतींसाठी, नोटरीसाठी आणि 'अमेरिकन तज्ज्ञ डॉक्टरांच्या अभिप्रायासाठी' पैसे मागितले गेले, आणि ते दर वेळी यूपीआयने एका व्यक्तीच्या बचत खात्यात भरायला सांगितले गेले. पावती म्हणून मिळे तो फक्त व्हॉट्सॲपवरचा अंगठा. एकूण एक लाख ऐंशी हजार रुपये गेले. याखेरीज मिळणाऱ्या रकमेतील तीस टक्के त्याचे, असा करार शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करून घेतला होता. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे यांस बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार आपल्या देशात वकिलाला मनाई आहे, आणि स्वतःहून फोन करून पक्षकार गोळा करण्यासही मनाई आहे. अमेरिकेत टक्केवारीची पद्धत रूढ असल्याने 'तिकडची केस आहे, तिकडचे नियम' हे त्याचे उत्तर ऐकणाऱ्याला पटून जाते. तरीही करार पुण्यात होत होता, सही पुण्यात होत होती आणि पैसेही पुण्यातच घेतले जात होते.

सगळ्यात घातक गोष्ट त्याने अगदी सहज केली. 'परदेशी न्यायालयाला झेरॉक्स चालत नाही' असे सांगून त्याने मूळ डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, संमतीपत्राची प्रत, बिले आणि पट्टीच्या वेष्टनावरचे स्टिकर हे सर्व ताब्यात घेतले. त्या स्टिकरवर उत्पादकाचे नाव आणि लॉट क्रमांक असतो. कोणत्या कंपनीची कोणती पट्टी अंगात आहे याचा तो सर्वांत थेट पुरावा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत द्यायच्या असतात. आम्ही मध्यस्थाच्या तारखांवर विसंबून असताना ती तीन वर्षेही उलटून गेली.

दुसरी मुदत ग्राहक संरक्षण कायद्याची. 2019 च्या कायद्याच्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते. उशिराचे सबळ कारण पटले तरच आयोग तो माफ करतो. ही दोन वर्षे कधीपासून मोजायची यावरही वाद होतो. पोटात राहिलेल्या कापसाच्या पट्टीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये रुग्णाची तक्रार मुदतबाह्य ठरवली होती, कारण शस्त्रक्रियेनंतर दुखत असूनही तिने वर्षानुवर्षे त्या डॉक्टरांकडे विचारणा केली नव्हती. म्हणजे 'आत्ताच कळले' एवढे म्हणून भागत नाही. आमचा मध्यस्थ मात्र 'इथे केस टाकलीत तर तिकडचा क्लेम रद्द होईल' असे बजावत राहिला आणि त्या भीतीने वन्सं स्थानिक वकिलाची पायरी चढल्या नाहीत.

एक प्रसंग आठवला की आजही माझा संताप होतो. 'जाळी काढायचं ऑपरेशन करून घेतलं तर क्लेमची रक्कम दुप्पट होते' असे सांगून त्याने एका रुग्णालयाचे नाव सुचवले आणि खर्चासाठी कर्ज मिळवून देण्याची तयारी दाखवली. ही जाळी सहज उपसून काढता येत नाही. शरीराचे ऊतक तिच्या छिद्रांतून वाढलेले असते, पुष्कळदा ती पूर्ण निघत नाही आणि काढताना नव्या इजा होऊ शकतात. दाव्याची किंमत वाढावी म्हणून स्त्रियांना अशा शस्त्रक्रियेकडे ढकलण्याचे प्रकार अमेरिकेतही घडले होते आणि 2018 मध्ये तेथील वृत्तपत्रांनी ते उजेडात आणले होते. वन्संनी आपल्या डॉक्टरांना विचारले, म्हणून त्या यातून वाचल्या. पुढे उघडा पडलेला भागच तेवढा काढावा असे त्यांच्या युरोलॉजिस्टने ठरवले, आणि ते दुखण्याकडे बघून ठरले.

2025 च्या सुरुवातीला 'चार्ल्सटन न्यायालयाचे मंजुरीपत्र' आले आणि रक्कम भारतात आणण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे शुल्क म्हणून पंचाऐंशी हजार मागण्यात आले. पत्रावर खटल्याचा क्रमांक नव्हता आणि न्यायाधीशांच्या नावापुढे 'ॲडव्होकेट' असे छापले होते. माझ्या यजमानांनी ते पत्र शिवाजीनगर न्यायालयात वकिली करणाऱ्या एका परिचितांना दाखवले. त्यांनी मध्यस्थाला फोन लावून केवळ वकिलाचे नाव, सनद क्रमांक आणि वकीलपत्राची प्रत मागितली. त्यानंतर तो नंबर बंद झाला आणि केबिनला कुलूप लागले.

आता जे चालू आहे ते सांगते, कारण त्यातले बरेचसे पहिल्याच दिवशी करता येण्यासारखे होते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे, त्यामुळे आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला आणि वन्संना वकील मिळाले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर तक्रारीला शुल्कच लागत नाही. वन्संचे बिल त्या मर्यादेतले होते. कागदांचा प्रश्न अनपेक्षित ठिकाणी सुटला. मेडिक्लेमसाठी विमा कंपनीकडे दिलेल्या फाईलमध्ये डिस्चार्ज कार्डाची, बिलांची आणि त्या स्टिकरची प्रत निघाली. ज्यांनी विम्याचा दावा केला असेल त्यांनी ही फाईल आजच मागून घ्यावी, आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत. खऱ्या वकिलाला तपासण्यासाठी मूळ कागद दाखवावेत आणि प्रती द्याव्यात.

रुग्णालयाविरुद्धच्या तक्रारीसोबत केलेल्या उशीर माफीच्या अर्जाला रुग्णालयाच्या वकिलांनी हरकत घेतली आहे. मध्यस्थाशी झालेले संदेश, बँकेची विवरणपत्रे आणि पोलीस ठाण्यातील तक्रार हे सर्व आम्ही त्या अर्जासोबत जोडले आहे. ते सबळ कारण ठरते की नाही हे आयोग ठरवील. शेवटचा हप्ता जुना असल्याने 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवूनही खात्यात काही सापडले नाही; पैसे गेल्या गेल्या कळवले तर ते गोठवले जाण्याची शक्यता असते.

पोलीस तक्रारीनंतर थोड्याच दिवसांत वन्संना आणखी एक फोन आला. 'तुमचे बुडालेले पैसे आम्ही वसूल करून देतो' असे म्हणणाऱ्या त्या गृहस्थाला एक लाख ऐंशी हजार हा आकडा अचूक माहीत होता आणि त्यालाही आधी नोंदणी शुल्क हवे होते. तो नंबर आम्ही तपास अधिकाऱ्यांकडे दिला आहे.