१.८ मिआटाचं टर्बो किट: खोक्यात काय येतं आणि काय येत नाही

माझदाच्या एमएक्स-५ ला अमेरिकेत मिआटा म्हणतात. गाडी जेमतेम हजार किलोची, इंजिन १८३९ सीसीचं, क्रँकवर (म्हणजे इंजिनातून निघताना) १३० ते १४० अश्वशक्ती आणि चाकांपर्यंत पोचते ती १०५ ते १२०. या गाडीचं वळण घेणं बघितलं की ताकद कमी पडते हे लगेच कळतं, म्हणून टर्बो (एक्झॉस्टच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) किटचा जुना, मुरलेला बाजार तिच्याभोवती उभा राहिला. इथे परीक्षण आहे ते १९९४ ते २००५ मधल्या १.८ लिटर गाड्यांसाठी मिळणाऱ्या नेहमीच्या घडणीच्या किटचं: बिडाचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर टर्बोकडे नेणारी नळी), टर्बो जोडायचा टी२५ मापाचा फ्लँज, गॅरेटचा जीटी२५६०आर टर्बो, टर्बोतून धूर मागे नेणारा तीन इंची डाउनपाइप, नाकासमोर बसून दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर आणि स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा संगणक).

निकाल आधीच सांगून टाकतो. किट घ्यावं, पण विक्रेत्याच्या पानावरची किंमत हा पूर्ण खर्च समजू नये. त्यावर आणखी निम्मी रक्कम बाजूला ठेवली नसेल तर खोकं उघडूच नये. टर्बो हा या कामाचा सोपा भाग आहे. इंजिन टिकतं की जातं ते पाणी, पेट्रोल आणि टॉर्कवरचा लगाम यांवर ठरतं.

आधी ताकदीचा हिशोब. ०.५ बार बूस्टला (टर्बोने कोंबलेल्या हवेच्या जादा दाबाला) चाकांवर साधारण १६५ ते १७५, ०.७ बारला २००च्या आसपास अश्वशक्ती मिळते. टर्बोची कुवत त्याहून बरीच जास्त आहे आणि मोह तिथेच होतो. मूळ कनेक्टिंग रॉड बारीक आहेत. ते आरपीएममुळे तुटत नाहीत, कमी आरपीएमला एकदम आलेल्या टॉर्कमुळे वाकतात. हा टर्बो ३५००च्या आतबाहेर पूर्ण बूस्ट देऊ लागतो, म्हणजे सिलिंडरमधला दाब सर्वात जास्त असतो नेमक्या त्याच जागी. म्हणून चाकांवर २७० न्यूटन-मीटरच्या आत राहायचं, आणि ४०००च्या खाली बूस्ट मुद्दाम कमी ठेवायचा. चांगला ट्यूनर (ईसीयूची मांडणी जुळवून देणारा) हे न सांगता करतो. ‘डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) २५० काढून देतो’ असं पहिल्याच भेटीत सांगणाऱ्याला नम्रपणे निरोप द्यावा. कॉम्प्रेशन रेशोही (पिस्टन मिश्रण कितीपट दाबतो ते) बघा: १९९४–९७ च्या इंजिनात ९.० आहे, १९९९–२००० मध्ये ९.५, २००१ पासून १०.०. शेवटच्या इंजिनाला तोच बूस्ट दिला तर नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं) लवकर सुरू होतं.

किटमधला मॅनिफोल्ड उत्तम. बीड जड असतं, दिसायला ओबडधोबड, पण पातळ स्टीलच्या वेल्ड केलेल्या मॅनिफोल्डला दोन-तीन हंगामांत तडे जातात तसे याला सहसा जात नाहीत. तक्रार आहे ती टर्बो आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या स्टडची. टर्बो लालबुंद होतो, थंड होतो, पुन्हा तापतो. साधा स्टड त्यात ताणला जातो, नट सैल होतो, गॅस्केट फुंकलं जातं. रस्त्यावर फिरवायच्या गाडीत हे वर्षाने होईल, ट्रॅकवर एका दुपारीत. किटमध्ये साधे स्टड आले असतील तर इनकोनेल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे स्टड आणि जिभेने अडकवायचे लॉकिंग नट वेगळे मागवा. महाग आहेत, पण तुटलेला स्टड ड्रिलने काढण्याची मजुरी त्याहून महाग. पहिल्या चार-पाच तापण्या-थंड होण्यानंतर सगळे नट पुन्हा तपासायचे, गाडी पूर्ण गार असताना.

तेलाच्या नळ्यांपाशी बहुतेक लोक चुकतात. टर्बोला तेल ऑइल-प्रेशर सेन्सरच्या जागी टी जोडून घेतात. त्या भोकाचे आटे जपानी पद्धतीचे, एक-अष्टमांश इंची बीएसपीटी. बाजारात सर्रास मिळणारं फिटिंग असतं अमेरिकी पद्धतीचं, एनपीटी. दोघांचा व्यास जवळपास सारखा, म्हणून दोन फेरे बिनबोभाट जातात, तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला हाताला जड लागतं, आणि माणूस पाना लावून जोर काढतो. तिथे ब्लॉकचे आटे खराब होतात. मग टेफ्लॉन कितीही गुंडाळा, तेल पाझरत राहतं. खोक्यात बीएसपीटीचं फिटिंग किंवा अडॅप्टर आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

परतीची नळी ऑइल पॅनमध्ये येते आणि त्यासाठी पॅनला भोक पाडावं लागतं. पॅन खाली काढायचं तर इंजिन उचलणं किंवा सबफ्रेम उतरवणं आलं, म्हणून बहुतेक जण जागेवरच ड्रिल करतात. ते चालतं, पद्धत सांभाळली तर. भोक तेलाच्या पातळीच्या वर हवं. ड्रिलच्या बिटाला आणि टॅपला घट्ट ग्रीस थापायचं, थोडं पाडून बिट बाहेर काढायचं, चुरा पुसायचा, पुन्हा ग्रीस. पॅन अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे चुंबकाने चुरा गोळा करायचा बेत फसतो. शेवटी ड्रेन प्लग उघडा ठेवून त्याच भोकातून लिटरभर स्वस्त तेल ओतायचं आणि खाली आलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर बघायचं. चमक दिसली तर आणखी एकदा. नळीचा आतला व्यास १५ मिमीच्या आसपास, उतार सतत खाली, मध्ये कुठेही झोळ नको. झोळ राहिला तर तेल टर्बोत तुंबतं आणि एक्झॉस्टमधून निळा धूर येतो. लोक मग टर्बो बदलतात. दुखणं म्हशीला, औषध पखालीला.

आता खोक्यात नसलेल्या गोष्टी. खरं पाणी इथेच मुरतं, अक्षरशः. हे इंजिन मुळात माझदा ३२३ सारख्या पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांसाठी आडवं बसवायला बनलेलं. मिआटात ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवताना हेडमधून कूलंट बाहेर पडायची वाट पुढे आणली गेली. वॉटर पंपही पुढेच. म्हणजे पाणी पुढून आत शिरतं आणि बरंचसं पुढूनच बाहेर पडतं. मागच्या बाजूला हीटरच्या नळीतून जाईल तेवढंच. चौथा सिलिंडर त्यामुळे नेहमी जास्त तापतो. मूळ ताकदीत हे खपून जातं. टर्बोखाली नॉकिंग पहिल्यांदा चौथ्यातच सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधला भाग तिथेच फुटतो.

उपाय म्हणजे कूलंट रीरूट. थर्मोस्टॅट हेडच्या मागे न्यायचा, पुढची वाट पट्टी लावून बंद करायची, मागून रेडिएटरपर्यंत नवी नळी टाकायची. आता पाणी चारही सिलिंडरांवरून गेल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही. मागे फायरवॉल अगदी जवळ आहे, हात जात नाही, बोल्ट नुसत्या बोटांनी सुरू करावे लागतात. सवयीच्या मेकॅनिकलाही अर्धा दिवस लागतो. बहुतेक विक्रेते हा भाग ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळा विकतात. आमच्या मते टर्बोच्या आधी विकत घ्यायची वस्तू हीच. सोबत जाड अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर, आणि बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंतच्या फटी फोम किंवा पत्र्याने बंद करणं. इंटरकूलर हवेच्या वाटेत उभा आहे. फटी उघड्या असतील तर हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. इंजिनखालचं प्लॅस्टिकचं आवरण तुटलं म्हणून फेकून दिलेल्या गाड्या हमखास तापतात. ते आधी परत लावा. डॅशवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका, तो मुद्दाम मधोमध स्थिर राहील असा बनवला आहे. १९९५ पासूनचा तेलाच्या दाबाचा काटाही शोभेचाच, आत फक्त चालू-बंद स्विच आहे.

पेट्रोलचं गणित विक्रेत्यावर सोडू नये. चाकांवर २०० म्हणजे क्रँकवर साधारण २३५. टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल धरा: जवळपास ६३.५ किलो, म्हणजे मिनिटाला १.४३ लिटर. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी ३५८ सीसी, आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही म्हणून ४२० सीसी. किटमध्ये ५५० सीसीचे येत असतील तर योग्य. पेट्रोलचा पंपही बदलायचा. मात्र तासाला २५५ लिटरचा पंप मूळ रेग्युलेटरला (पेट्रोलचा दाब राखणाऱ्या भागाला) झेपत नाही, आयडलला दाब चढा राहतो. १९० लिटरचा पुरतो.

ईसीयूच्या बाबतीत किट-किटांत सर्वात मोठा फरक पडतो. मूळ ईसीयूला फसवणारे छोटे डबे आणि बूस्टबरोबर पेट्रोलचा दाब चढवणारे रेग्युलेटर अजून विकले जातात. ते घेऊ नयेत. मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र ईसीयू, मॅप सेन्सर (आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), हवेच्या तापमानाचा सेन्सर आणि वाइडबँड (हवा-पेट्रोल प्रमाण मोजणारा सेन्सर) हा किमान संच. सोबत येणारा ‘बेस मॅप’ (ईसीयूची तात्पुरती मांडणी) गाडी डायनोपर्यंत हळूहळू न्यायला आहे, हायवेवर बूस्ट मारायला नाही. पूर्ण बूस्टला हवा-पेट्रोल प्रमाण ११.५ ते ११.८. प्लग एक पायरी थंड, एनजीकेचे बीकेआर७ई, आणि गॅप १.१ वरून ०.७ मिमी. गॅप तसाच ठेवला तर बूस्टमध्ये ठिणगी विझते, गाडी अडखळते आणि लोक इंजेक्टर दोषी धरतात. ट्यूनरकडून लॉग फाइल मागून घ्या. नुसता आलेख छापून देणाऱ्याला सांगायचं, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले वायू बाहेर सोडणारा) जुना असेल तर बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरतो, डिपस्टिक उडते, १९९४–९७ च्या गाड्यांत हेडच्या मागच्या कॅम-अँगल सेन्सरच्या ओ-रिंगमधून तेल गळतं. नवा व्हॉल्व्ह स्वस्त आहे. आणि मूळ क्लच २०० अश्वशक्तीला घसरणारच. गिअरबॉक्स पाच गिअरचा असेल तर तिसऱ्या-चौथ्याला घाईने हात घालू नये. सहा गिअरचा जास्त दणकट आहे.

पर्याय म्हणून रोट्रेक्सचा सुपरचार्जर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप) विचारात घेण्यासारखा. त्याचा बूस्ट आरपीएमबरोबर चढतो, त्यामुळे रॉडवर भार हळुवार येतो आणि मूळ इंजिनाला तो टर्बोपेक्षा मानवतो. पण शहरात ३००० आरपीएमला पाय दाबला तर काही घडत नाही, आणि त्याला स्वतःचं वेगळं तेल आणि कूलर लागतो. जुने ईटन एम४५ सुपरचार्जरचे किट सेकंडहँड मिळतात. इंटरकूलरशिवाय ते उन्हाळ्यात गरम हवा कोंबत बसतात.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी किटला तिथल्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक आहे का बघावं, नाहीतर स्मॉग चाचणीत गाडी अडते. इंग्लंडात विमा कंपनीला बदल कळवला नाही तर दाव्याच्या वेळी घोडं पेंड खातं. भारतात माझदाने ही गाडी विकलीच नाही, आणि इथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीत बदल करू देत नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या वाचकासाठी हा विषय वाचनापुरताच.

१.६ लिटरवाल्यांनी हे किट ‘बसतं’ म्हणून घेऊ नये. डिफरन्शियल लहान, क्लच २०० मिमीचा, आणि १९९१ पर्यंतच्या गाड्यांत क्रँकचं टोक आखूड, ज्यावर पुली धरून ठेवणारी चावी सैल होते. १.८ वाल्यांनी मागणी नोंदवण्याआधी चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजावं. एकमेकांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर ते पैसे आधी इंजिनात घालावेत, किट पुढच्या वर्षीही मिळेल.