जुने किटकॅट फ्यूज काढून एमसीबी-आरसीसीबी बसवला, हिवाळा ते पावसाळा वापरून झाल्यावरचा अनुभव

डबा (म्हणजे डीबी, ज्यात जास्त करंटला आपोआप बंद होणारे एमसीबी आणि करंट गळला की बंद होणारा आरसीसीबी असतो) चांगलाय, बसवाच. पण "डबा बदला, ट्रिपिंग बंद" असं दुकानदार म्हणत असेल (ट्रिपिंग म्हणजे स्विच आपोआप पडून लाइट जाणं) तर ते अर्धंच खरं, आमच्याकडे सुरुवातीला उलट वाढलं होतं.

घर पंचवटीतलं, जुनं, खाली आम्ही आणि वर दीर-जाऊबाई, मीटर वेगवेगळे. काही खोल्यांत अजून लाकडी पट्टीवरची वायरिंग होती आणि मीटरशेजारी पांढरे चिनीमातीचे किटकॅट, एक फेजला (करंट आणणारी तार) आणि एक न्यूट्रललासुद्धा (करंट परत नेणारी). हा न्यूट्रलवाला लई डेंजर, कारण तो उडाला की घरात अंधार, आपल्याला वाटतं लाइट गेली, आणि होल्डरमधे फेज मात्र जिवंतच. त्यात सासऱ्यांना सारखा फ्यूज बांधायचा कंटाळा, मग ते वायरीतली तांब्याची तार दुहेरी करून बांधायचे. अशी तार उडतच नाही, तापते ती भिंतीतली वायर. किचनच्या बोर्डाला जळका वास यायला लागला तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं, जे एरवी चहाच्या साखरेवरही होत नाही.

आता डीबीत ४० अँपिअरचा, ३० मिलीअँपचा आरसीसीबी आहे, लाइट-पंख्यांना ६ आणि १० चे एमसीबी, किचन आणि गिझरला वेगवेगळे १६ चे. गिझर २००० वॅटचा म्हणजे जेमतेम ९ अँपिअर, १६ भरपूर झाला. या दोन्ही लाइनी नव्या ओढल्या, २.५ चौरस मिमीच्या वायरने. ब्रँड लिहीत नाही, आयएसआय मार्क आणि पक्कं बिल बघा, बास. नाशकात तसंही प्रत्येकाचा कोणीतरी भाचा सातपूर नाहीतर अंबडला स्विचगिअरच्या (असल्या वस्तू बनवणाऱ्या) कंपनीत असतो आणि प्रत्येक भाच्याचा सल्ला वेगळा.

तर ट्रिपिंग. एमसीबीने कधी त्रास दिला नाही, इंडक्शन आणि ओव्हन एकदम लावलं तर थोड्या वेळाने पडतो, लगेच नाही, कारण १६ चा एमसीबी १८ अँपिअरला लगेच पडावा अशी त्याची रचनाच नसते. छळ मांडला तो आरसीसीबीने. हॉलचा पंखा लावला की अख्खं घर बंद. संध्याकाळी जिन्याचा दिवा लावला की परत बंद. बसवणारा वायरमन म्हणाला, "वहिनी, जुन्या घरात हे टिकत नाही, बायपास करून देतो." मी म्हटलं दादा, मग दोन हजाराच्या आसपासची ही वस्तू काय शोभेला लावली का. आरसीसीबी फक्त एवढंच बघतो की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, फरक ३० मिलीअँपच्या आसपास गेला की तो लाइन पाडतो, म्हणजे कुठेतरी करंट दुसऱ्या वाटेने जातोय.

मग ओळखीतून सिडकोतले एक वयस्कर काका आले, त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्नच विचारले. इन्व्हर्टरचा सप्लाय निघाला आरसीसीबीच्या आधीपासून घेतलेला, आणि त्याच्यावरच्या पंख्या-दिव्यांचा न्यूट्रल मात्र आरसीसीबीच्या नंतरच्या पट्टीत, मग हिशोब जुळणार कसा. जिन्याच्या दिव्याची तर कमालच, फेज आमच्या मीटरचा आणि न्यूट्रल वरच्या दिरांचा, कोणी कधी जोडला देव जाणे. ९ वॅटचा एलईडी बल्ब, पण तो ४० मिलीअँपच्या आसपास घेतोच आणि आरसीसीबी ३० च्या आतच पडतो, त्यामुळे एवढासा दिवा अख्खं घर अंधारात टाकत होता. किटकॅट असताना हे सगळं वर्षानुवर्षं असंच चालू होतं, कळायचा मार्गच नव्हता. काकांनी दोन्ही न्यूट्रल वेगळे करून दिले, पैसे डबा बसवणाऱ्यापेक्षा जास्त घेतले आणि ते योग्यच होते.

त्यानंतर आरसीसीबी थंडीत गिझरच्या कॉइलमधून करंट लीक झाला तेव्हा पडला, आणि पावसाळ्यात गेटच्या दिव्यात पाणी गेलं तेव्हा. दोन्ही वेळा बरोबरच पडला. सगळे एमसीबी खाली (बंद) करून एकेक वर घेतला की कोणती लाइन ते बहुतेक वेळा लगेच कळतं. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबते, सासऱ्यांना आधी भीती वाटायची, आता तेच आठवण करतात.

तक्रारी पण आहेत. सगळ्या घराला एकच आरसीसीबी घेतला की एका दिव्यापायी फ्रिजही बंद होतो, आम्ही गावाला गेलो असताना तसंच झालं आणि आल्यावर फ्रिजमधला वास विचारू नका. डीबी बसवणाऱ्याने एवढा उंच लावलाय की सासूबाईंना स्टूल घ्यावं लागतं. लाइनींची नावं लिहिलेले स्टिकर गळून पडले, आता मार्करने लिहिलंय. आणि हो, खांबावरचा न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढलं तर एमसीबी-आरसीसीबी काही करत नाहीत, त्याला वेगळं ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्शन लागतं, हे दुकानात कोणी सांगत नाही.

दिवाळीच्या आधी फ्रिजची लाइन आरसीसीबीच्या आधीच वेगळी काढून तिला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) लावून घेणारे. महावितरणकडे लोड वाढवायचा अर्ज पण तेव्हाच टाकू, बिलावर मंजूर भार अजून जुनाच, १ किलोवॅट दिसतोय आणि गिझर एकटाच त्याच्या दुप्पट आहे.