सन फायर टी२००० वर ओपनबीएसडी

२००५ च्या अखेरीस बाजारात आलेल्या सन मायक्रोसिस्टम्सच्या या सर्व्हरच्या आठ कोअरच्या आवृत्तीत अल्ट्रास्पार्क टी१ प्रोसेसर ३२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) चालवतो, परंतु मॉनिटर जोडण्याची सोयच नसल्याने सिरीयल मॅनेजमेंट पोर्टला ९६०० बॉडच्या वेगाने लॅपटॉप जोडून ‘पॉवरऑन’ आणि ‘कन्सोल’ या आज्ञा दिल्यावरच ओपनबूट या यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरचा ‘ओके’ प्रॉम्प्ट दिसतो. जुना माल विकणाऱ्या दुकानातून घेतलेल्या माझ्या यंत्राचा डीव्हीडी ड्राइव्ह बंद निघाल्यामुळे ओपनबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्यासाठी नेटवर्कवरूनच बूट करणे भाग पडले. खरी मेख इथेच आहे: यंत्र आपला नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता नेहमीच्या डीएचसीपीऐवजी आरएआरपी या जुन्या पद्धतीने विचारते आणि टीएफटीपी या साध्या फाइल-सर्व्हरकडे जी फाइल मागते, तिचे नाव म्हणजे त्याच पत्त्याचे हेक्साडेसिमल (सोळा-आधारी) रूप असते, पत्ता १९२.१६८.१.१० असेल, तर बूटलोडरची फाइल ‘सी०ए८०१०ए’ (C0A8010A) या नावाने, तीही इंग्रजी मोठ्या लिपीतील अक्षरांत, ठेवावी लागते. अक्षर लहान पडले की बूट तिथेच अडते.

त्यानंतरचा ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर मात्र साधा, मजकुरी आणि सिरीयल कन्सोलवर विनातक्रार चालणारा असून नेटवर्क कार्ड त्याने ‘ईएम’ ड्रायव्हरने लगेच ओळखले. पंख्यांचा आवाज घरात सोसवणारा नाही. स्पार्क ही प्रोसेसरची रचना शिकण्यासाठी हा सर्व्हर जरूर घ्यावा, रोजच्या कामासाठी मुळीच नाही.