सात महिने रिफ्लेक्सॉलॉजी घेतल्यानंतर: टाचदुखी, झोप आणि आधीच विचारायला हव्या होत्या अशा गोष्टी

मी नाशिकमध्ये औषधांचे दुकान चालवते. दिवसाचे नऊ-दहा तास काउंटरमागे उभे राहण्यात जातात आणि वयाची सत्तेचाळिशी गाठेपर्यंत पायांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. गेल्या पावसाळ्यात मात्र सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येऊ लागली. चार पावले चालल्यावर ती कमी होई, दुकानात दुपारपर्यंत विसरल्यासारखी होई आणि रात्री परत उठे. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून प्लांटर फॅसायटिस असल्याचे सांगितले, म्हणजे टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली जो जाड पट्टा असतो, तो टाचेच्या टोकाशी दुखावला होता. त्यांनी पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम, मऊ टाचेची पादत्राणे आणि आठ दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्यांच्या पोटाचे आणि मूत्रपिंडांचे काय होते ते मी रोज काउंटरवर पाहते, म्हणून गोळ्यांची मुदत संपल्यावर त्या वाढवायच्या नाहीत असे ठरवले आणि एका ग्राहक ताईंच्या सांगण्यावरून रिफ्लेक्सॉलॉजीकडे, म्हणजे तळपायावर ठिकठिकाणी दाब देण्याच्या उपचाराकडे, वळले. सात महिन्यांत चोवीस बैठका झाल्या, त्यांपैकी पहिल्या पाच एका ठिकाणी आणि उरलेल्या एकोणीस दुसरीकडे.

आपल्याकडे अनेकजण रिफ्लेक्सॉलॉजी आणि ॲक्युप्रेशर एकच समजतात. ॲक्युप्रेशरची मांडणी चिनी परंपरेतील ऊर्जावाहिन्यांवर आधारलेली आहे आणि तिचे बिंदू सर्वांगावर असतात. रिफ्लेक्सॉलॉजी त्या मानाने अगदी अलीकडची असून ती अमेरिकेत घडली. विल्यम फिट्झगेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले आणि 1917 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी ती कल्पना तळपायावर उतरवून संपूर्ण शरीराचा नकाशा तिथे बसवला. त्या नकाशात अंगठा म्हणजे डोके, चवडा म्हणजे छाती आणि फुप्फुसे, पावलाची कमान म्हणजे पोटातील अवयव, आतल्या कडेची रेषा म्हणजे पाठीचा कणा. यकृत उजव्या पावलावर आणि हृदय डाव्या पावलावर दाखवलेले असते. हा नकाशा जवळजवळ प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावलेला दिसतो, आणि डॉक्टरांकडे शरीररचनेचा तक्ता पाहायची सवय असलेल्या माणसाला तो त्याच तोडीचा वाटतो. प्रत्यक्षात तळव्याच्या अमुक बिंदूपासून अमुक अवयवापर्यंत जाणारी अशी कोणतीही स्वतंत्र नस शरीरशास्त्राला सापडलेली नाही. ही एक गोष्ट आधी नीट समजली असती, तर माझा एक महिना काळजीत गेला नसता.

पहिल्या ठिकाणी मला काहीही न विचारता खुर्चीत बसवले गेले. मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, पायाला कधी दुखापत झाली होती का, यांपैकी एकही प्रश्न आला नाही. पेन्सिलीएवढ्या लाकडी दांडीने तळव्यावर दाब देणे सुरू झाले आणि मी पाय आखडून घेतला की "दुखतंय म्हणजे तिथेच अडथळा आहे" असे उत्तर मिळे. तिसऱ्या बैठकीनंतर कमानीवर दोन निळे डाग उमटले आणि चार दिवस राहिले. चौथ्या बैठकीत कमानीच्या मध्याजवळ दाबल्यावर मी कळवळले, तेव्हा "तुमच्या किडनीत दोष दिसतोय" असे निदान झाले. दुकानात डायलिसिसच्या रुग्णांची औषधे रोज काढून देणाऱ्या बाईला ते वाक्य ऐकून रात्री झोप लागली नाही, यात नवल नाही. मी क्रिॲटिनिन (मूत्रपिंडांसाठीची रक्ततपासणी), लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घेतली. सारे व्यवस्थित निघाले. जिथे दुखले होते तो माझ्या आधीच दुखावलेल्या पट्ट्याचाच भाग होता, आणि दांडीने निळा पडलेला तळवा दाबल्यावर कुणालाही दुखणारच. पाचव्या वेळी मला विजेवर चालणाऱ्या पाण्याच्या टबात पाय बुडवून शरीरातील 'विषारी द्रव्ये' बाहेर काढण्याचा आग्रह झाला. पाणी तपकिरी होते हे खरे आहे, परंतु ते टबातील लोखंडी इलेक्ट्रोडच्या गंजाने होते आणि पाय न बुडवताही होते. त्यानंतर मी तिथे गेले नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या ताई मूळच्या फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी पहिली वीस मिनिटे फक्त माहिती लिहून घेतली, टाचेचे निदान कोणी केले ते विचारले, दोन्ही पावले उजेडात धरून बोटांमधल्या फटींपर्यंत पाहिली आणि स्पष्ट सांगितले की निदान करणे हे त्यांचे काम नव्हे, रोग बरा करण्याचे आश्वासनही त्या देणार नाहीत. आपल्याकडे या उपचारासाठी डॉक्टरांसारखी कायदेशीर नोंदणी नाही आणि चार दिवसांच्या वर्गानंतरही कुणी फलक लावू शकतो. त्यामुळे समोरचा माणूस काय विचारतो आणि काय कबूल करतो, यावरच आपल्याला त्याची पारख करावी लागते.

त्यांची बैठक पाऊण तासाची असते. पाय कोमट पाण्याने धुऊन, पुसून, त्यावर अगदी थोडी पावडर लावली जाते, कारण तेलाने अंगठा घसरतो आणि दाब एका जागी टिकत नाही. आधी घोटा दोन्ही बाजूंना सैल फिरवतात. मग एका हाताने चवडा मागे धरून दुसऱ्या हाताचा अंगठा टाचेपासून बोटांकडे नेतात. हा अंगठा सरकत नाही, घासतही नाही. त्याचे पेर वाकते आणि सरळ होते, पुन्हा वाकते आणि सरळ होते, आणि अळी पानावरून जावी तसा तो तांदळाच्या दाण्याएवढा पुढे जातो. एका पावलावर अशा दहा-बारा रेघा होतात. माझ्या टाचेपाशी आल्यावर ताई दाब निम्म्यावर आणत आणि "एक ते दहामध्ये किती?" असे विचारत. पाचाच्या वर आकडा गेला की हात हलका होई. चांगला दाब 'गोड दुखतो', म्हणजे दुखत असतानाही तो हात तिथून उचलू नये असे वाटते. श्वास रोखावा लागत असेल, तर तो दाब जास्त आहे असे समजून लगेच बोलावे. सहन करण्यात काहीही लाभ नाही.

पहिल्या दिवसापासून मी दुकानाच्या जुन्या डायरीत रोज दोन नोंदी केल्या, सकाळच्या पहिल्या पावलाची कळ दहापैकी किती आणि झोप किती तास. सुरुवातीला कळ आठ होती, चौथ्या महिन्यात चार झाली आणि आता एक-दोनवर असते. वाचणाऱ्याला वाटेल की हा रिफ्लेक्सॉलॉजीचाच गुण, पण तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही. याच काळात मी ताणण्याचे व्यायाम एकही दिवस चुकवले नाहीत, काउंटरमागे रबरी चटई टाकली आणि सपाट चपला सोडल्या. शिवाय हे दुखणे बहुतेकांचे सहा महिने ते वर्षभरात असेही ओसरते. झोपेची नोंद मात्र वेगळे सांगते. ज्या दिवशी बैठक असे त्या रात्री मी सरासरी तासभर अधिक झोपले आणि मधे उठले नाही, आणि हा फरक पहिल्या ठिकाणच्या पाच बैठकांत एकदाही दिसला नव्हता. पाऊण तास कुणीतरी शांतपणे पायांची काळजी घेतो, फोन बंद असतो, पडदे ओढलेले असतात, त्याचा हा परिणाम असावा असे माझे मत आहे. मला तो परिणाम कमी मोलाचा वाटत नाही.

संशोधनाचे चित्रही साधारण याच्याशी जुळते. पर्यायी उपचारांचे संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी 2009 मध्ये अठरा नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा कोणत्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक असल्याचा खात्रीलायक पुरावा त्यांना आढळला नाही. ऑस्ट्रेलियात सरकारी आढाव्यानंतर 1 एप्रिल 2019 पासून खासगी आरोग्य विम्यातून ही पद्धत वगळण्यात आली. म्हणून थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब किंवा वंध्यत्व यांवर खात्रीचा उपचार म्हणून कुणी बैठका विकत असेल तर तिथून उठावे, आणि चालू असलेली एकही गोळी त्यांच्या सांगण्यावरून बंद करू नये. गोळी बंद करून आठवड्याने साखर चारशेवर गेलेले ग्राहक मी पाहिले आहेत.

माझे पाहून सासूबाईंनाही यावेसे वाटले. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि अठरा वर्षे मधुमेह सांभाळत आहेत. ताईंनी त्यांच्या पायाला हात लावण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. मला त्या क्षणी हा अडवणुकीचा प्रकार वाटला, आणि तसे वाटल्याचे मला अजून वाईट वाटते. डॉक्टरांनी सासूबाईंना डोळे मिटायला सांगून दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने तळव्याला ठिकठिकाणी स्पर्श केला. चवड्यावर तीन जागी तंतू वाकला तरी "लागतंय का?" या प्रश्नाला त्या गप्प होत्या. करंगळीखाली चपलेच्या कडेने कापलेली एक भेग होती, तिचाही त्यांना पत्ता नव्हता. दांडीचा दाब अशा पायावर पडला असता, तर जखम होईपर्यंत कुणाला कळले नसते. पायात रक्ताची गुठळी असण्याची शंका असेल, म्हणजे एकच पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली असेल, तर पाय चोळून घेणे जिवावर बेतू शकते. तिथे थेट रुग्णालयच गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण, नुकतेच झालेले हाड मोडणे, गाउटची (यूरिक ॲसिड साचल्याने सांध्याला येणारी) सूज, उघडी जखम, बोटांमधली बुरशी, ताप यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि मग उपचार करणाऱ्यालाही न लपवता सांगावे.

बाकी बाबी किरकोळ आहेत. जेवणानंतर तासभर थांबून जावे. नखे कापलेली असावीत. उठल्यावर गुंगी येते, म्हणून मी एकदा गंगापूर रोडवर स्कूटर चालवताना घाबरल्यानंतर रिक्षानेच जाते. एका बैठकीचे मला सहाशे रुपये पडतात आणि दहा बैठकांचे पैसे आगाऊ देण्याची सवलत मी दोन्ही ठिकाणी नाकारली. पहिल्या ठिकाणी ती घेतली असती तर निळ्या डागांनंतरही पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मी जात राहिले असते.

आता मी तीन आठवड्यांतून एकदा जाते, टाचेसाठी नव्हे, झोपेसाठी. सासूबाईंना मी रात्री दिव्याखाली बसवते, आरसा धरून तळवे पाहते, बोटांच्या फटी कोरड्या करते आणि त्यांना आवडते म्हणून काशाच्या वाटीने, वजन न देता, थोडे तूप लावते. करंगळीखालची भेग भरायला पाच आठवडे लागले.