मुलाला पहिल्यांदा फेझंटच्या शिकारीला न्यायचंय: ट्रॅप, प्रिझर्व्ह की मोकळा माळ?

अमेरिकेतल्या मिनेसोटा, डकोटा, आयोवा या पट्ट्यातल्या मराठी घरांत हा प्रश्न मूल सहावी-सातवीत गेलं की येतोच. वर्गातला मित्र ऑक्टोबरात वडिलांबरोबर फेझंट (लांब शेपटीचा, कोंबडीएवढा रानपक्षी) मारायला जातो, आणि मग आपलं कार्टं मागे लागतं. आपण बंदूक पाहिलेली ती बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच घरातून गेला. त्यामुळे एकतर ठाम 'नाही', नाहीतर सगळं मित्राच्या बाबांवर सोपवून मोकळं व्हायचं. याखेरीज तीन वाटा आहेत: ट्रॅप म्हणजे यंत्राने हवेत फेकलेल्या चकत्यांवर नेमबाजी, प्रिझर्व्ह म्हणजे पाळलेले पक्षी सोडून शिकार करू देणारं खासगी रान, आणि मोकळा माळ म्हणजे रानातल्या पक्ष्यांची शिकार. कुठली निवडायची हे माझ्या मते एकाच गोष्टीवर ठरवावं: पक्षी उठला त्या क्षणी मुलाच्या आजूबाजूला किती बंदुका आहेत.

या शिकारीतला धोका नेम चुकण्याचा नसतो. तो असतो उडत्या पक्ष्यामागे नळी फिरवण्याचा. 2006 साली टेक्सासमध्ये बटेरांच्या शिकारीत उपाध्यक्ष डिक चेनी यांनी पक्ष्यामागे वळून बार काढला आणि छर्रे लागले सोबतच्या 78 वर्षांच्या हॅरी व्हिटिंग्टन यांना. चेनी तर मुरलेले शिकारी. बारा वर्षांच्या पोराच्या पायाखालून फडफडाट करत फेझंट उठला की त्याचं काय होत असेल, विचार करा.

आधी कागदपत्रं. मिनेसोटात 1979 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचं लायसन्स काढण्यासाठी फायरआर्म्स सेफ्टीचा कोर्स लागतो. म्हणजे बहुधा तुम्हालाही. मुलांना तो अकराव्या वर्षापासून करता येतो. दुसरी बाब आपल्या लोकांना हमखास माहीत नसते. एच-1बी (नोकरीचा) किंवा एच-4 (त्याच्या कुटुंबाचा) सारख्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्यातून सुटण्याची नेहमीची वाट म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. रेंजवर नुसता नेमबाजीचा सराव करायचा असला तरी हेच. लहान मुलांना काही राज्यांत लायसन्सची सक्ती नसते, तरी एच-4 वरच्या मुलाचं काढूनच ठेवा. व्हिसाचा मामला आहे, वकिलाला एकदा विचारलेलं बरं.

ट्रॅप लीग
मिनेसोटातल्या शाळांची क्ले टार्गेट लीग सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे आणि सेफ्टी सर्टिफिकेटशिवाय त्यात प्रवेश नाही. पाच जण एका ओळीत उभे, प्रत्येकाच्या वाट्याला 25 चकत्या. आपली पाळी येईपर्यंत बंदूक उघडी आणि रिकामी. चकती नेहमी समोरच्या बाजूलाच, लांब जाते. बंदुकीची शिस्त अंगी बाणवायला याहून चांगली जागा नाही, आणि घरात शाकाहार असेल तर प्रश्नच मिटला. पण इथे पक्षी हुडकणारा कुत्रा नाही, उंचसखल जमीन नाही, आणि मुख्य म्हणजे 'आत्ता मारायचं नाही' हे शिकायची वेळ येत नाही.

प्रिझर्व्ह
पैसे भरायचे आणि पाळून सोडलेले फेझंट किंवा चकोर मारायचे. जुने शिकारी नाक मुरडतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. हे पक्षी गवतात दबून बसतात आणि रानातल्यांपेक्षा सुस्त उडतात. पण पहिल्या खेपेला नेमकं तेच हवं असतं. दबलेल्या पक्ष्याचा वास आला की कुत्रा एका जागी ताठ उभा राहतो, मुलाला दोन पावलं पुढे जाऊन नीट उभं राहायला वेळ मिळतो. शेतात एकच बंदूक, मुलाची. तुम्ही रिकाम्या हातांनी त्याच्या खांद्यामागे. उडालेल्या पक्ष्याखाली आकाश दिसलं तरच चाप. जमीन किंवा झुडूप दिसलं तर नाही, कारण तिथे कुत्रा आहे.

मोकळा माळ
इथे नुसता नर मारायचा असतो, मादीवर बंदी. म्हणजे फडफडाटाच्या त्या क्षणात रंग ओळखायचा आणि अर्ध्या वेळा बंदूक खाली घ्यायची. मुलाच्या संयमाची खरी परीक्षा. दक्षिण डकोटात मोठ्यांच्या हंगामाआधी मुलांचा वेगळा हंगाम असतो आणि त्यात सोबतच्या मोठ्या माणसाला बंदूक नेता येत नाही. हा नियम मला फार आवडतो. याउलट ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी मोठ्यांचा हंगाम उघडतो तेव्हा दहा-पंधरा जण ओळीने मक्याच्या शेतातून पक्षी उठवत येतात आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला आणखी काही जण पक्षी अडवायला उभे राहतात, या ओळीच्या तोंडासमोर. बारीक छर्राही सुमारे 200 मीटर जातो. नवख्या मुलाला तिथे कोणत्याही सबबीवर नेऊ नका.

माझा कौल: आधी एक मोसम ट्रॅप, मग प्रिझर्व्ह, आणि मुलगा स्वतःहून बार रोखायला लागला की माळ. ट्रॅपवरच तो रमला तर उत्तमच.

बंदुकीत 20 गेज घ्या (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा लहान तितकी नळी रुंद). 410 ही त्याहून बारीक नळीची बंदूक लहान दिसते म्हणून पालक ती उचलतात, पण तिच्यात छर्रे कमी. पक्षी जखमी होऊन निसटतो आणि पोर हिरमुसतं. बाहेरचा घोडा अंगठ्याने ओढायची एकबारी बंदूक स्वस्त असते खरी, पण थंडीने बधिरलेल्या बोटांतून तो घोडा सटकतो. मधून मोडणारी दुनळी सगळ्यांत बरी: उघडी आहे हे लांबूनही दिसतं. सुरुवातीला काडतूस एकच भरायचं. घरात 12 गेजही असेल तर खिसे तपासा. 20 चं पिवळं काडतूस 12 च्या नळीत पुढे जाऊन अडकतं, मागून दुसरं भरून बार काढला की नळी फुटते.

आणि शेवटी मित्राच्या बाबांबरोबर पाठवायचंच ठरलं, तर त्यांना तोंडावर विचारा: ओळीत किती जण असतात? समोर कोणी उभं राहतं का? कुंपण ओलांडताना बंदुका रिकाम्या करता का? पोराच्या शेजारी चालताना तुमच्या हातात बंदूक असेल का? चांगला शिकारी या प्रश्नांनी दुखावत नाही. जो दुखावेल, त्याच्याबरोबर पाठवू नका.