पंचतारांकित हॉटेलचं सदस्यत्व: वर्षभर वापरून झालेलं मत

सदस्यत्वाच्या नूतनीकरणासाठी हॉटेलमधून फोन आला, तेव्हा मी त्या मुलीला एवढंच सांगितलं की चेक-इनला घेतलेले माझे अनामतीचे दहा हजार अजून खात्यात परत आलेले नाहीत, ते आले की बोलू. ‘चेक करून कळवते मॅम’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढू.

हॉटेलचं नाव देत नाही. मुंबईत एकाहून जास्त ठिकाणी असलेली साखळी आहे, खोलीचा दर साधारण पंचवीस हजारांपासून पुढे. या सदस्यत्वात काय मिळतं ते तुम्हाला माहीत असेलच: एक फुकट रात्र, खोलीवर थोडी सवलत, दोघं जेवायला गेलात तर बिल निम्मं, वाढदिवसाला केक. आम्ही ते हौसेपोटी घेतलं नव्हतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दक्षिण मुंबईत झालं आणि नंतर कितीतरी महिने तपासणीसाठी सकाळी नऊच्या वेळा मिळत गेल्या. बदलापूरहून सकाळच्या लोकलमध्ये वॉकर घेऊन चढणं अशक्य, आणि नऊच्या वेळेसाठी गाडीनं निघालं तर रहदारीत अडकून पाय दुमडून बसणं आईला सोसत नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी येऊन राहायचं ठरलं. आधी एका साध्या हॉटेलात राहिलो. तिथल्या बाथरूमला वीतभर उंबरा आणि गुळगुळीत फरशी. आई धडपडता धडपडता वाचली. त्या रात्री भावाशी फोनवर बोलणं झालं आणि दोघांनी खर्च वाटून घ्यायचं ठरवलं.

आता मुख्य तक्रार. चेक-इन दुपारी तीनला, चेक-आउट बाराला. सगळीकडे असंच असतं, हे मलाही माहीत आहे. पण हिशोब मांडून बघा. पंचवीस हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला की होतात २९,५००. बिलावर लिहिलेलं असतं ‘एक दिवस’. प्रत्यक्षात मिळतात एकवीस तास. म्हणजे तासाला १,४०५ रुपये. चोवीस तास मिळाले असते तर १,२२९ पडले असते. आमच्या कोल्हापूर-पंढरपूरकडच्या लॉजवर अजूनही ‘चेक-आउट २४ तास’ अशी पाटी असते. संध्याकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली तुमची. हजार-बाराशे घेणारा माणूस पूर्ण दिवस देतो आणि तीस हजार घेणारा तीन तास कापून घेतो, हे मला आजही पटत नाही.

माझ्यासारख्या धडधाकट बाईला तीन तासांनी फारसा फरक पडत नाही. बॅग ठेवून एखादी चक्कर मारून येता येते. आईला फरक पडत होता, आणि दोन्ही बाजूंनी. रहदारी टाळायला आम्ही सकाळी लवकर निघायचो आणि साडेबाराच्या आत पोचायचो. खोली तीनला. दुसऱ्या दिवशी नऊची वेळ असली तरी एक्स-रे, डॉक्टर, फिजिओ हे उरकेपर्यंत अकरा वाजून जायचे. हॉटेलात परत आलो की पाय सुजलेला, अर्धा तास आडवं पडायची गरज, आणि पावणेबाराला फोन: ‘मॅम, चेक-आउट कधी करताय?’

लग्नसराईत एकदा कहर झाला. आदल्या रात्री हॉटेलात मोठं लग्न होतं, वऱ्हाड उशिरा निघालं आणि आम्हाला खोली मिळाली साडेचारला. आई चार तास लॉबीत बसून. लॉबीतले ते सोफे दिसायला देखणे, पण इतके खोल आणि बुटके की गुडघा बदललेल्या माणसाला त्यातून उठताच येत नाही. मी रिसेप्शनवर गेले. मुलगा इंग्रजीत समजावत राहिला की ‘गॅरंटीड’ वेळ नसते, ‘सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी’ असते. मी मराठीत बोलत होते, तो इंग्रजीवरून हिंदीवर आला, मराठीवर येईना. शेवटी मी म्हटलं, साडेएकोणीस तासांचे पैसे लावा मग. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मॅनेजर आला आणि रात्रीच्या जेवणावर सूट देऊ केली. मला जेवण नको होतं, आईला पलंग हवा होता.

अडचण त्यांचीही असते, हे नंतर हाउसकीपिंगच्या एका सुपरवायझरबाईंशी बोलताना कळलं. बाराला सगळे एकदम निघतात. निघालेल्या पाहुण्याची खोली म्हणजे नुसती चादर बदलणं नव्हे. बाथरूम कोरडं करायचं, गादीचं आवरण तपासायचं, काचा पुसायच्या, मिनीबार मोजायचा, मग वरिष्ठाने येऊन पाहायचं आणि तेव्हा कुठे ती खोली कॉम्प्युटरवर ‘तयार’ दिसते. वर मुंबईत परदेशातली बरीच विमानं मध्यरात्रीनंतर उतरतात. पहाटे तीनला येणाऱ्या पाहुण्याला खोली हवी तर त्याने आदल्या रात्रीचेही पैसे भरायचे. म्हणजे गैरसोय माझी एकटीची नाही, सगळ्यांचीच वाटून घेतलेली आहे. पण मग इतका दर कशाचा? मनात आणलं तर वेळ देता येते. मॅरियटच्या योजनेत वर्षाला पन्नास रात्री काढणाऱ्या प्लॅटिनम सदस्याला दुपारी चारपर्यंत खोली ठेवायला मिळते, काही रिसॉर्ट वगळता. हाँगकाँगच्या पेनिन्सुला साखळीत थेट हॉटेलकडे बुकिंग केलं तर सकाळी सहाला खोली घेता येते आणि निघायच्या दिवशी रात्री दहापर्यंत ठेवता येते. त्यांचं मुंबईत हॉटेल नाही. मुंबईतल्या एखाद्या बड्या हॉटेलाने फक्त एवढं एक सुरू केलं तरी मी नळांच्या सोनेरी मुलाम्याविषयी एक अक्षर बोलणार नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की ही बाई एक तारा देऊन मोकळी होणार. मीही तेच ठरवलं होतं. पण एका स्टुलामुळे माझं मत हललं.

या हॉटेलांतले पलंग फार उंच असतात. जाड गादी, तिच्यावर आणखी एक मऊ थर, त्यामुळे आईला टेकायला उंची सोयीची नव्हती. पहिल्या मुक्कामात संध्याकाळी बिछाना लावायला एक बाई आल्या. आई पलंगाच्या कडेला हात टेकून कशी चढते ते त्यांनी दारातूनच पाहिलं. काही बोलल्या नाहीत. दहा मिनिटांनी एक बुटकं लाकडी स्टूल घेऊन आल्या, पायांना रबर लावलेलं. पलंगाशी ठेवलं, स्वतः त्यावर पाय देऊन हलतंय का ते पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आजी, आधी चांगला पाय वर, मग दुखरा. उतरताना उलटं.’ आमच्या फिजिओने नेमकं हेच सांगितलं होतं. बाईंच्या सासूचंही गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मग बाथरूमच्या दारातली पायपुसणी त्यांनी स्वतःहून काढून घेतली, कारण वॉकर तिथेच अडकतो. रात्री उठावं लागतं म्हणून पलंगाखालचा दिवा चालू ठेवायला सांगून गेल्या.

पुढच्या खेपेला वेगळ्या मजल्यावर, वेगळी खोली. दार उघडलं तर स्टूल पलंगाशी, आणि बाथरूमच्या दारात पायपुसणी नाही. त्या बाईंची त्या दिवशी सुट्टी होती. म्हणजे त्यांनी ते कुणाला तरी सांगितलं होतं, कुणीतरी पाहुण्याच्या नोंदीत लिहिलं होतं आणि तिसऱ्याच कुणीतरी वाचून तसं केलं होतं. ही नोंद ठेवायची पद्धत सगळ्याच मोठ्या हॉटेलांत असते: कुणाला कडक उशी लागते, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत. पण पद्धत असणं वेगळं आणि लग्नसराईच्या धांदलीत ती पाळली जाणं वेगळं. आईने त्या स्टुलाकडे पाहून ‘अगं बाई, ठेवलं यांनी’ म्हटलं, तेव्हा माझा निम्मा राग उतरला.

तेव्हापासून माझं म्हणणं असं झालंय की या हॉटेलात पैसे माणसांचे द्यायचे असतात. संगमरवर आणि झुंबरं कुणीही आणू शकतो. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल बघा. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून आणून १८६०च्या दशकात उभारलेलं, त्या काळचं सगळ्यात नावाजलेलं. ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंच्या चलचित्रांचा खेळ तिथेच झाला होता. आज ती इमारत एस्प्लनेड मॅन्शन नावाने मोडकळीला आलेली आहे. तिच्यानंतर आलेलं ताज १९०३मध्ये सुरू झालं, समोरचं गेटवे ऑफ इंडिया पूर्ण व्हायच्या एकवीस वर्षं आधी. पहिल्या महायुद्धात तिथे ६०० खाटांचं रुग्णालय होतं. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री तिथल्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना वाट काढून दिली आणि त्यात काहींचा जीव गेला. जनरल मॅनेजरची बायको आणि दोन मुलं त्याच इमारतीत मरण पावली, तरी तो माणूस कामावर उभा राहिला. मी ताजमध्ये राहिलेली नाही. पण मोठ्या हॉटेलचा दर कशासाठी मोजायचा असं कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांसमोर त्याच रात्रीची माणसं येतात.

म्हणूनच खाण्यापिण्यावरचा खर्च मला वायफळ वाटतो. बुफेत पन्नास पदार्थ असतात, आई खाणार दोन इडल्या आणि पपई. सदस्यत्वात बिल निम्मं होतं हे खरं, पण कर बघा: बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी, अशा हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये १८. त्यात एकदा बिलावर सर्व्हिस चार्जही लावला होता. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मी शांतपणे काढायला सांगितला, त्यांनी वाद न घालता काढला. तुम्हीही बिल वाचत जा. जी टिप द्यायची ती त्या स्टूलवाल्या बाईंच्या हातात द्या. लाँड्रीत एक साडी इस्त्रीला दिली असती तर तेवढ्यात बदलापूरला घरभर कपड्यांची इस्त्री झाली असती, म्हणून दिली नाही. खोलीतल्या चहासोबत दुधाच्या पावडरीची पाकिटं असतात. फोन करून गरम दूध मागवा, आम्हाला त्याचे पैसे कधी लावले नाहीत.

झोपेबद्दल मात्र कौतुकच. दुहेरी काचेमुळे रस्त्यावरचा हॉर्न ऐकूच येत नाही. ऑपरेशननंतर आई सलग रात्रभर झोपली ती पहिल्यांदा तिथेच.

वरचं लिहून ठेवलं होतं, प्रकाशित करायच्या आत थोडं घडलं म्हणून जोडते. अनामतीचे दहा हजार परत आले. क्रेडिट कार्ड असेल तर ती रक्कम फक्त अडवून ठेवतात. आमचं डेबिट कार्ड, त्यामुळे पैसे खरेच खात्यातून गेले होते. हॉटेलने सोडले होते, बँकेत अडकले होते. त्यामुळे या बाबतीतला हॉटेलवरचा राग मागे घेते. चेक-इनलाच कुणी ‘डेबिट कार्ड आहे, परत यायला वेळ लागेल’ असं एक वाक्य बोललं असतं तर मला इतके फोन करावे लागले नसते, एवढं मात्र म्हणेन.

दुसरी गोष्ट. त्याच मॅनेजरचा फोन आला. मी तासांचा सगळा हिशोब मेलवर पाठवला होता. नियम बदलता येणार नाही म्हणाले, पण आईच्या नोंदीत त्यांनी लिहून घेतलंय की वैद्यकीय कारण आहे, एक वाजता खोली द्यायचा प्रयत्न करायचा आणि दुपारी दोनपर्यंत उठवायचं नाही. मी विचारलं, प्रयत्न की नक्की? ‘प्रयत्न’, म्हणाले. मी तसं लेखी मागितलं आणि त्यांनी दिलं. गेल्या मुक्कामात खोली एक वाजून दहा मिनिटांनी मिळाली, निघताना कुणाचा फोन आला नाही. म्हणजे आम्हाला पंचवीस तास मिळाले, तासाला १,१८० रुपये.

सदस्यत्वाचं नूतनीकरण केलेलं नाही. आईच्या तपासण्या आता सहा महिन्यांवर गेल्या आहेत, आणि फुकट रात्र डिसेंबरात, सणासुदीला चालत नाही, म्हणजे आपल्याला सोयीची असेल तेव्हा नेमकी मिळत नाही. पुढच्या तपासणीला पूर्ण दर भरून त्याच हॉटेलात जाणार आहोत. बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या नंबरवर फोन करून केलंय, ॲपवरून नाही, कारण ॲपवरच्या बुकिंगमध्ये ती नोंद पुढे जाईलच याची मला खात्री वाटली नाही. फोनवरच्या मुलाने विचारलं, ‘आजींचं स्टूल लागेल ना?’ मी हो म्हटलं आणि एक वाजताची वेळ पुन्हा लिहून घ्यायला लावली.